लाटसाहेबांची लाथ

सडक अर्जुनीच्या अलीकडच्या त्या गावात ओमेश्वरला नावानं हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की तिथल्या नाटकात तो दरसाल इंग्रज गव्हर्नर व्हायचा, म्हणून बांधावर धान कापतानाही तो लाटसाहेबच. काम तसं मोठं नव्हतं हो. खुर्चीवर बसायचं, बंद केलेलं जंगल मोकळं करा म्हणून विनवायला आलेल्या शेतकऱ्याचं काही ऐकायचं नाही, आणि तो पायावर पडला की त्याला लाथ घालायची. पण ती लाथ पाहायला चार गावचे लोक यायचे.

२००७च्या मंडईला मात्र आक्रीत झालं. शेतकरी होणारा दुलीचंद तापानं फणफणला आणि मंडळानं ऐनवेळी शेजारच्या गावचा केवलराम आणला. केवलराम म्हणजे ओमेश्वरचा होणारा व्याही! पोरीचं, योगेश्वरीचं साक्षगंध नुकतंच त्याच्या मुलाशी झालेलं. आता सांगा, लग्नात ज्याचे पाय धुवायचे, त्याला लाथ कशी घालावी? लाथ बापानं मारायची आणि तिची फेड पोरीनं सासरी करायची, जन्मभर! तेवढी लाथ गाळा म्हणून त्यानं मंडळवाल्यांच्या हातापाया पडून पाहिलं. ते हसले. केवलरामही हसला, म्हणाला, खुशाल हाणा. पण त्याची बायको रुख्मा, पोरीची होणारी सासू, ती तर पुढेच बसली होती.

पडदा उघडला. केवलराम येऊन पायावर पडला. लोक शिट्ट्या मारत होते, टोपाखालून घाम गळत होता, आणि लाटसाहेबांचा पाय काही उचलेना. शेवटी त्यानं डोळे मिटून हवेतच पाय झाडला. केवलराम पट्टीचा नट, तो धाडकन कोलमडला. लोकांनी टाळ्या पिटल्या. रुख्मानं पिटल्या नाहीत.

नाटक संपल्यावर ती थेट रंगपटात आली. ओमेश्वर टोप काढून उभा राहिला, हात आपसूक जोडले गेले. मोडली सोयरीक, असंच त्याला वाटलं.

"लाथ लागलीच नाही," रुख्मा म्हणाली. "कायले एवढे भेता जी आमाले?"

तिनं त्याचे जोडलेले हात धरून खाली केले.

"माह्या सासरच्याइले माहा बापबी असाच भेत होता," ती म्हणाली. "भेत भेतच मेला. तुम्ही नोका भेऊ."