माळ्याची उचकी

गिरीज गावच्या प्लासिडचा सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, करण्यात हात धरणारा कुणी नव्हता. राजेळी केळं पुरतं पिकल्याशिवाय तो सोलायचा नाही. सोललेली केळी मांडवावर उन्हात लावायची, एकाला दुसरं चिकटू द्यायचं नाही, रोज पालटायची, संध्याकाळी गोळा करून पानांत झाकायची. असं पाच-सहा दिवस. मधलं एक ऊन चुकलं तरी माल काळा पडतो. प्लासिडचा कधी पडला नाही. घाई त्याच्या अंगातच नव्हती.

१९५१ साली तो तेवीस वर्षांचा होता आणि मटिल्डाकाकीच्या वाडीत कामाला होता. काकीची भाची इनेझ शेजारच्याच घरातली. दुपारी ती सोलायला यायची. समोरासमोर दोन पाट, मध्ये केळ्यांचा ढीग.

प्लासिड सातवी शिकलेला. त्या वर्षी तो वहीत एक कादंबरी लिहीत होता, इनेझसाठी. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी सोलता सोलता तिला सांगायचा. केळफुलात राहणारी एक राजकन्या होती. ती रागावली की विहिरीच्या पाण्याचं ताक व्हायचं आणि हसली की वाडीतले सगळे बेडूक मिशा फुटून गावभर मिरवायचे. वाडीच्या माळ्याचा तिच्यावर जीव. पण लग्नाचं विचारायला तोंड उघडलं की त्याला उचकी लागायची.

इनेझ हसून हसून सुरी खाली ठेवायची.

"अरे, पण विचारणार कधी तो?"

"विचारेल. अजून चार प्रकरणं आहेत."

"काल पण चारच होती."

"कालचं एक फाडलं. नीट उतरलं नव्हतं."

पलीकडून मटिल्डाकाकी ओरडायची, "प्लासिड, त्या माळ्याला घोटभर पाणी पाज रे! महिनाभर कुणाला उचकी लागते होय?"

काकीला कळलं होतं. इनेझलाही कळलं होतं. फक्त प्लासिडला वाटायचं, आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

त्याने मनाशी ठरवलं होतं की पुस्तक ईस्टरला पुरं करायचं, वही तिच्या हातात द्यायची आणि त्याच दिवशी आईला घेऊन मागणी घालायला जायचं. तोवर धोका कसला? उपवासकाळ चालू होता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चर्चमध्ये लग्नं लागत नाहीत. लग्नंच नाहीत तर दारात मागणी कुठून येणार? वाडीत कुणी केळीच्या घडाला हात लावण्याआधी महिनाभर ग्राहक बघतो, हे त्याला माहीत होतं. माणसंही तसंच करतात, हे सुचलं नाही. शहाणी घरं बोलणी उपवासातच उरकतात, म्हणजे ईस्टर झाला की लगेच चर्चमध्ये लग्न ठरलेल्यांची नावं वाचता येतात.

उपवासाच्या चौथ्या आठवड्यात एका दुपारी इनेझने न हसताच सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "रविवारी सांडोरहून मला बघायला पाहुणे येतायत. युजीन नावाचा मुलगा आहे. मुंबईला छापखान्यात असतो."

प्लासिडच्या हातातलं केळं तसंच राहिलं.

"तुझं पुस्तक रविवारच्या आधी नाही संपणार?" तिने विचारलं.

ती पुस्तकाचं विचारत नव्हती, हे त्याला त्याच क्षणी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही. पण शेवट मनासारखा जमला नव्हता आणि अर्धवट काम कुणाच्या हातात द्यायची त्याला सवय नव्हती.

"घाई केली तर बिघडेल गो," तो म्हणाला. "ईस्टरला देतो."

तिने मान हलवली. उरलेली केळी सोलली, हात धुतले आणि गेली.

रविवारी युजीनची माणसं आली आणि इनेझच्या वडिलांनी शब्द दिला. सोमवारपासून ती सोलायला आली नाही. प्लासिड मात्र लिहीत राहिला. चार प्रकरणं होती ती चार रात्रींत झाली. एकही पान फाडावं लागलं नाही.

ईस्टरच्या आदल्या शुक्रवारी ती काकीकडे नारळ न्यायला आली. तो मांडवावरची केळी पालटत होता. ती मांडवाजवळ उभी राहिली.

"झालं पुस्तक?"

"झालं."

"विचारलं त्याने?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

प्लासिडला ते वाक्य पाठ होतं, अकरा वेळा खोडून लिहिलेलं. त्याने ते सांगितलं. आवाज नीट निघाला. इनेझने ते डोळे खाली घालून ऐकलं.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "एवढंच वाक्य होतं? हे तर त्या दिवशी सोलता सोलता म्हणता आलं असतं."

त्याने कमरेला खोचलेली वही काढून पुढे केली. तिने हात मागे घेतला. "दुसऱ्याच्या घरी जाणार मी आता. हे नेऊन कुठे ठेवू?"

काकीने आतून हाक मारली. इनेझ नारळ घेऊन फाटकाबाहेर गेली. प्लासिडने वही मांडवाच्या खांबाला टेकवली. तीन रांगा पालटायच्या राहिल्या होत्या आणि ऊन उतरायला लागलं होतं. त्याने एकेक केळं उचलून, सावकाश, पालटलं.