नोएलच्या गाडीचे चौदा बोल्ट

नोएल ट्रेझाइज आमच्या कुंपणापलीकडे राहतो, आणि वॉलरू गावात त्याच्याबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं निम्मं मी पेरलेलं आहे. मी बेकरीत काउंटरवर असते, सोय चांगली आहे. त्याच्या जुन्या गाडीचं इंजिन उघडलं की आतली साखळी खाली घसरू नये म्हणून मध्ये लाकडाची पाचर ठोकावी लागते. ती त्याने ग्लेनिसच्या भाजी चिरायच्या फळीतून कापली, हे मी तिथेच सांगितलं. ग्लेनिस म्हणजे त्याची बायको. तिला तोवर माहीत नव्हतं. ट्रेमधल्या खिम्याच्या पेस्ट्या थंड व्हायच्या आत कळलं.

गाडी त्र्याहत्तर सालची, जपानी, हिरवी, लांब नाकाची आणि दोन सीटची. धाकटी मुलगी झाली त्याच वर्षी नोएलने ती घेतली. चार माणसांच्या घरात दोन सीट. ग्लेनिसने हे माफ केलेलं नाही, फक्त रोज बोलून दाखवत नाही.

या जानेवारीत इंजिनाचं हेड आणि खालचा ठोकळा यांच्यामधलं, पाणी आणि तेल वेगळं ठेवणारं गॅस्केट गेलं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाने असलं काम गॅरेजला द्यावं. पण नोएलची उमेदीची वर्षं इथल्याच समोरच्या आखातापलीकडे जहाजं बांधण्यात गेली, पत्र्यावर पत्रा ठोकत. आपल्या गाडीचा बोल्ट दुसऱ्याने आवळायचा म्हणजे आपले दात दुसऱ्याने घासायचे, असं त्याला वाटतं. त्याने हेड उतरवलं, गॅस्केट बदललं, हेड बसवलं. एक बोल्ट तुटून ठोकळ्यातच राहिला. तो तुकडा काढण्यात आठ दिवस गेले. फेब्रुवारीअखेर नवे बोल्ट घालून पुन्हा सगळं जोडलं. गाडी बंदराच्या धक्क्यापर्यंत गेली आणि परत आली, तेव्हा तेलात पाणी उतरून दुधाळ कॉफी झाली होती.

"बोल्टच भिकार," नोएल म्हणाला. "हल्ली लोखंडात लोखंड राहिलेलं नाही."

"खरंय," मी कुंपणावरून म्हटलं. "तू जन्मलास तेव्हा संपलं ते."

तो हसला नाही, रागावलाही नाही. तसाच उभा राहिला, हातात फडकं धरून. इतका दमलेला माणूस चिडवायलाही नको वाटतो. मी चिडवते तो भाग वेगळा.

त्या संध्याकाळी ग्लेनिसने मागच्या पायरीवर उभं राहून निकाल दिला, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा. "मेच्या उत्सवात जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला स्वतःच्या चाकांवर गेली तर राहील. नाही तर ॲडलेडचा जो माणूस ती विकत मागतोय, तो ट्रेलर घेऊन यायला तयार आहे. माझं कपडे वाळवायचं शेड मला परत हवंय."

"बरं," नोएल म्हणाला. पुन्हा एकदा ते हेड उचलायचं बळ त्याच्यात उरलंय असं काही दिसत नव्हतं.

आता एक गोष्ट. हेड चौदा लांब बोल्टांवर बसतं, आणि ते आवळायला खास पाना असतो. त्यावर आकडा लावायचा. बोल्ट तेवढा आवळला गेला की पाना टक् करतो. टक् झालं की थांबायचं. पुढे ओढलं तर बोल्ट ताणतो किंवा तुटतो. फेब्रुवारीत नोएल बोल्ट आवळत होता तेव्हा मी इकडे चादरी वाळत घालत होते. मला टक् ऐकू आलं. नोएल ओढतच होता. त्याने पकड सैल करून पुन्हा ओढलं, पुन्हा टक्, तरी ओढतोय. तो झटका हातालाही कळतो म्हणतात. पण नोएलची बोटं ज्या कामात बधिर झाली, त्याच कामात कानही गेले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बेकरीतसुद्धा नाही. मला हे किती जड गेलं ते ज्यांना मी माहीत आहे त्यांनाच कळेल.

एप्रिलमधल्या एका शनिवारी नवं गॅस्केट आणि नवे बोल्ट आले. मी दोन पेस्ट्या घेऊन त्याच्या शेडमध्ये गेले आणि दुधाचा क्रेट उलटा करून बसले.

"काय बघायला आलीस, जॅन?"

"तमाशा. फुकट आहे म्हणून. ते पुस्तक दे इकडे, बोल्टांचा क्रम मी वाचते."

"क्रम मला पाठ आहे."

"पाठ असता तर तिसऱ्यांदा कशाला उघडलं असतंस? मी नंबर सांगेन. पुढचा नंबर सांगेपर्यंत ओढायचं, सांगितला की सोडायचं."

नोएल माझ्याकडे बघत राहिला. "आणि पुढचा नंबर तू केव्हा सांगणार?"

"माझ्या मनात येईल तेव्हा."

त्याने फडक्याला हात पुसले, आधीच पुसलेले होते तरी. मग पाना उचलला.

"एक," मी म्हटलं.

मधून सुरुवात करून कडेपर्यंत चौदा बोल्ट, थोडं थोडं वाढवत तीन फेऱ्या. टक् झालं की मी पुढचा नंबर म्हणायचे. प्रत्येक फेरीनंतर तो दाराच्या चौकटीला टेकून बसायचा, गालावरची माशीसुद्धा हाकलायचा नाही. दुसऱ्या फेरीत माझ्या लक्षात आलं की तो पान्याकडे बघतच नाही. माझ्या ओठांकडे बघतोय. बेचाळीस वेळा नुसते आकडे, मध्ये एकही टोमणा नाही. घरी गेले तेव्हा माझा जबडा दुखत होता.

उरलेलं जोडायला त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. दोन तास काम, मग एक दिवस पडून. मिरवणुकीच्या आदल्या दुपारी त्याने किल्ली फिरवली. आधी धूर, मग सगळं स्वच्छ. तेलाची पट्टी काढून बघितली, कॉफी नव्हती. मुलाचा ताप बघावा तसा त्याने इंजिनाच्या झाकणावर तळवा ठेवला.

मला मात्र टिकटिक ऐकू येत होती. मागच्या टोकाकडून, बारीक, न थांबणारी. एका झडपेची फट जास्त राहिली होती. नोएलशेजारी इतकी वर्षं काढल्यावर एवढं कुणालाही कळेल. मिरवणुकीत तशीच गेली असती, कुणाला समजलंही नसतं. नंतर मात्र ती झडप हळूहळू झिजली असती. आणि नोएलचा चेहरा असा, की आता कुणी झाकण उघडायला सांगितलं तर तिथेच आडवा होईल.

ग्लेनिस फडकं खांद्यावर टाकून पायरीवर आली. "चालली का?"

नोएलने आपल्या तळव्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"जॅनला विचार," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

"काय?"

"ऐकू येत नाही. मला."

"ते मला सात वर्षांपासून माहीत आहे," ग्लेनिस म्हणाली. "तुला कधी कळलं?"

"बोल्ट आवळताना."

मग दोघंही माझ्याकडे बघू लागले. अशा वेळी तोंड बंद ठेवायची संधी मला आयुष्यात फार वेळा मिळालेली नाही, आणि मी ती घेतली नाही.

"चालतेय," मी म्हटलं, ओठ नीट हलवत. "मागून टिकटिक येतेय. शेवटची झडप असेल."

नोएल क्रेटवर बसला.

"म्हणजे झाकण."

"झाकण."

"मिरवणूक दहाला आहे."

"मी सहाला येते. तू मापाची पातळ पट्टी घालून फट मोज, मी कान लावते. चहा मात्र तुझ्याकडचा."

ग्लेनिस वळली. "ॲडलेडच्या माणसाला मी नको म्हणून कळवते. तू फोन केलास तर हो-नाही न ऐकता गाडी देऊन बसशील." दारातून परत डोकं काढून तिने विचारलं, "आणि माझी फळी?"

नोएलला ते पोचलं नाही. तो गुडघ्यांवर कोपरं टेकून, मान खाली घालून बसला होता. त्याच्यासमोर इंजिन अजून चालूच होतं. मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि किल्ली फिरवून ते बंद करायची खूण केली.