शिरोड्याला ठेवून आलेली मिशी

"वालावलला जातोय," मी म्हणालो. हिने भाजी निवडता निवडता विचारलं, "काय?" मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "काय?" तिसऱ्यांदा मी जरा ओरडूनच सांगितलं, तेव्हा ही म्हणाली, "जा की मग, ओरडता कशाला?" आमच्या घरात हल्ली प्रत्येक प्रवासाची सुरुवात अशीच होते.

बोलावणं मीनलचं होतं. ती माझी जुनी विद्यार्थिनी. आता कुडाळजवळच्या एका अध्यापक विद्यालयात पुढचे शिक्षक घडवते. तिची प्राची नावाची एक छात्राध्यापिका वालावलच्या शाळेत सराव पाठ घेत होती. चौथीच्या त्या वर्गात दुर्वा म्हणून एक मुलगी आहे. तिच्या कानाला यंत्र असतं. थोडं ऐकू येतं, उरलेलं ती समोरच्याच्या तोंडाकडे बघून समजून घेते. कवितेच्या तासाला तिला झाडांना पाणी घालायला पाठवायचं, अशी त्या शाळेत प्रेमळ पद्धत पडली होती. प्राचीनेही तेच केलं आणि मीनलने तिचा पाठ नापास केला. शेरा लिहिला, "एक मूल वर्गाबाहेर होते." शनिवारी शेवटची संधी होती. तोही पाठ गेला तर प्राचीचं वर्ष गेलं.

"सर, पोरगी घाबरलीय," मीनल फोनवर म्हणाली. "कविता कशी शिकवायची ते तुम्ही एकदा दाखवा."

चाळीस वर्षं कविता शिकवलेल्या माणसाला आणखी काय हवं? मी पिशवी भरली, मिशांना कंगवा फिरवला आणि निघालो.

गडहिंग्लजहून तुम्ही जाणार असाल तर सकाळची गाडी धरा. आजरा, आंबोली, मग घाट उतरून सावंतवाडी. माझं वय शहात्तर, त्यामुळे तिकीट शून्य. वाहक मात्र आधारकार्डावरचा फोटो आणि माझ्या मिशा दोनदा ताडून बघतो. आंबोलीला कांदाभजी खा, खिडकी डावी-उजवी कुठलीही चालेल, दोन्हीकडे दरी येते. घाट उतरताना हवा हळूहळू अंगाला चिकटायला लागते आणि काजूच्या मोहोराचा आंबटगोड वास आत येतो. त्या वासाने मला उगाचच सहावीतला वर्ग आठवतो, का ते ठाऊक नाही. सावंतवाडीहून कुडाळ, आणि कुडाळहून रिक्षा. तीनशे सांगतात, अडीचशेला येतात.

"खंयसून इलास?" रिक्षावाल्याने विचारलं.

"गडहिंग्लज. शाळेत कविता शिकवायला आलोय."

"अरे देवा. माका चौथीत कवितेपायी दोनदा मार गावलो." आणि वालावल येईपर्यंत त्याने त्या कवितेची पहिली ओळ आठवायचा प्रयत्न केला. आठवली नाही. मार तेवढा आठवत होता.

मुक्काम लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळ एका घरी. खोली साधी, जेवण धरून हजाराच्या आत, न्याहारीला घावणे आणि खोबऱ्याची चटणी. मागे तळं. सकाळी त्यात देऊळ उलटं दिसतं आणि एखादा खंड्या मधेच सूर मारून ते विस्कटतो. मी तिथे पायरीवर बसून माझी कविता चार वेळा म्हटली. मीच शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कधीतरी लिहिलेली:

होडी चालली, पाणी हललं,
काठ म्हणाला, ये गं ये.
लाट म्हणाली, थांब जराशी,
माझा शिंपला घेऊन ये.

गुरुवारी पाठ. मागे प्राची आणि तिच्या सात मैत्रिणी निरीक्षण वह्या उघडून बसलेल्या, दाराशी मीनल. दुर्वा दुसऱ्या बाकावर. दोन घट्ट वेण्या, उजव्या कानामागे यंत्र. मी मनाशी म्हटलं, हिला कमी ऐकू येतं ना, मग आपण मोठ्याने म्हणू. आणि म्हटलं. डोळे मिटून म्हटलं, फळ्यावर होडी काढताना म्हटलं, खिडकीशी जाऊन बाहेरच्या माडांकडे बघत म्हटलं. मुलं डुलत होती. शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावून गेले. सांगायला संकोच वाटतो, पण मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकीही दिली.

तास संपला तेव्हा दुर्वा वहीत चित्र काढत होती. मी कौतुकाने वाकून पाहिलं. माझंच चित्र होतं. चष्मा, टक्कल, आणि नाकाखाली झाडूसारखी मिशी.

"मास्तरांची केरसुणी," मागचा सुजय म्हणाला आणि वर्ग खिदळला. मीही हसलो. चाळीस वर्षं त्या मिशांनी मला शाळेत नाव मिळवून दिलं होतं.

प्राची एकटी हसली नाही. ती चित्राकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, रागावू नका. तिनं तोंड काढलेलंच नाहीये."

मी पुन्हा पाहिलं. मिशीखाली थेट हनुवटी होती.

"तुमचे ओठ तिला दिसतच नाहीत," प्राची म्हणाली. "आणि निम्मा वेळ तुमचं तोंड फळ्याकडे होतं. माझंही असतं."

मीनल दारातून म्हणाली, "हे तुझ्या निरीक्षण वहीत लिही." प्राचीने माझ्याकडे पाहिलं. "लिही गं," मी म्हणालो. बोललो सहज, पण दुपारच्या जेवणात सोलकढीची दुसरी वाटी मागितलीच नाही.

शुक्रवारी प्राची म्हणाली, "सर, आमच्या शिरोड्याला चला. उद्याच्या पाठाचं टाचण तिथंच करू." दोन गाड्या बदलून गेलो. जाणाऱ्यांनी एवढं करा, शिरोड्याच्या किनाऱ्यावर उन्हं तापायच्या आत पोचा. प्राचीच्या वडिलांची होडी काठाला लागत होती. यंत्र अजून धडधडत होतं आणि पाण्यात उभे राहून ते होडीतल्या भावाला हातांनी काहीतरी सांगत होते. हात डोक्यावर नेऊन तळवा खाली ओढला की काठाकडे ये. मूठ छातीशी धरली की थांब.

"मशीन चालू असला की कोणाक काय ऐकू येणा," ते मला म्हणाले. "तोंड समोर ठेवचा आनी हात चालवचो. आमी सगळेच होडयेत बहिरे."

प्राची चालता चालता वाळूत थबकली. "बाबा, परत करा," ती म्हणाली. "ये. आणि थांब."

"कित्याक गो? तुका काय होडयेर यायचा आसा?"

"नाय. उद्या पाठ आसा."

त्यांनी पुन्हा करून दाखवलं. तिने वहीत लिहायच्या ऐवजी स्वतः हात करून पाहिले. मी बाजूला बसून तळलेला बांगडा खात होतो आणि मला जाणवलं, पोरीला शिकवायला आलो होतो मी, आणि शिकत होतो मीच. टाचण तिने तासाभरात केलं. बाकं गोलात. बोलणाऱ्याने सर्वांना तोंड दाखवायचं. ठेका बाकावर हात आपटून, म्हणजे तो लाकडातून हाताला कळतो. आणि ज्याला काही कळलं नाही त्याने बाक ठोकायचं, मग बोलणारा थांबेल.

"सर, दुर्वा होडी होईल आणि मी लाट," प्राची म्हणाली. "मला एक काठ लागेल."

"मी होतो," मी म्हणालो. आणि मग प्राचीने माझ्या मिशीकडे पाहिलं.

शिरोड्याच्या बाजारात एक जुनं केशकर्तनालय आहे, खुर्च्या दोन, आरसा एक. कारागिराने वस्तरा हातात घेऊन विचारलं, "मास्तरानू, इतकी बरी मिशी कित्याक काढतास? बायलेन सांगल्यान काय?"

"नाही. चौथीतल्या एका पोरीनं."

"मग ऐकूक व्हया," तो म्हणाला आणि पहिला हात फिरवला. साठ रुपयांत चाळीस वर्षं खाली पडली. वरच्या ओठाला खारा वारा लागला, अगदी ओळख नसल्यासारखा.

शनिवारी दुर्वाने मला आधी ओळखलंच नाही. मग नाकाखाली बोट धरून तिने विचारल्यासारखं केलं. मी दोन्ही हात हवेत उडवून दाखवले. गेली. ती हसली.

प्राचीने पाठ सुरू केला. मीनल पेन घेऊन कोपऱ्यात. बाकांवर ठेका सुरू झाला, दुर्वाचे दोन्ही तळवे लाकडावर. दुसऱ्या ओळीला प्राची सवयीने शब्द लिहायला फळ्याकडे वळली आणि बोलत राहिली. ठक ठक. दुर्वाने बाक ठोकलं होतं. प्राची थांबली, वळली, ओळ पुन्हा म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा ठक ठक. या वेळी सुजय होता.

"तुला ऐकू येतं ना रे?" शेजारचा म्हणाला.

"येता. पण शिंपलो लाटेक कित्याक व्हयो, ता नाय कळला."

मग त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली. ही कविता इतकी वर्षं शिकवली, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझ्या वर्गात बाक ठोकलं तर छडी होती.

शेवटी दुर्वा उठली. मी समोर काठ होऊन उभा, हात डोक्यावरून खाली ओढत म्हणालो, "ये गं ये." तिने माझ्या ओठांकडे पाहिलं आणि माझ्यामागून ओळ म्हटली. तिचा आवाज सपाट होता आणि ठेक्याच्या जरा मागे, पण ओळ सगळी होती. वर्गाने तिच्यासाठी ठेका थांबवून धरला आणि ती आल्यावर सोडला. कोणी शिकवलं नव्हतं तसं करायला.

मीनलने वही प्राचीकडे दिली. "पास," आणि खाली, "फळ्याकडे तोंड करून बोलू नये." प्राचीने ते वाचून वही माझ्यापुढे धरली. "हे आपल्या दोघांना आहे, सर."

परतीला बांद्याला राहणारा माझा एक भाचा गाडी घेऊन आला आणि त्याने सावंतवाडीपर्यंत सोडलं, पुढे एसटी. घाटात मला सदाशिव आठवला. माझ्या वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. कवितेच्या तासाला मी त्याला नेहमी खडू आणायला पाठवायचो. विश्वासाचं काम म्हणून देतो, असं मला वाटायचं. त्याला ऐकू येत होतं की नाही, मी कधी पाहिलंच नाही. आता तो कुठे असेल कोण जाणे.

घरी दार हिने उघडलं. वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "कोण हवंय?"

"मीच," मी समोर उभा राहून म्हणालो. "भूक लागलीय. काय केलंयस?"

"पिठलं," ही म्हणाली आणि आत गेली.

ताटावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं, तिने "काय?" विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे तोंड करून हळू आवाजात प्रवासाचं सगळं सांगितलं, दुर्वाच्या चित्रापासून सदाशिवपर्यंत. तिने एकदाही मधे थांबवलं नाही. पिठल्याची वाटी पुढे सरकवत शेवटी एवढंच म्हणाली, "वाढवू नका आता ती परत."