दातांत धरलेली लेपी

भावाच्या तोंडातून लेपीची नुसती शेपटी बाहेर होती आणि ती हलत होती. बाकीची लेपी घशात. खोकला नाही, आवाज नाही. दोन्ही हात गळ्याला, डोळे बाहेर आलेले. मालाडच्या खाडीत, गुडघाभर चिखलात, आम्ही दोघंच.

आत्ता तर तो हसत होता. ओहोटी लागली की आम्ही भावंडं लहानपणापासून लेप्या पायाने शोधतो. चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच अंगाला, रंग चिखलाचा. दिसत नाही, पायाखाली वळवळतो. मग वाकून दोन्ही हातांनी दाबायचा. हल्ली पायाला प्लास्टिकच्या पिशव्याच लागतात. त्या दिवशी त्याला एक मिळाली आणि लगेच दुसऱ्या पायाखाली आणखी एक आली. ती त्याला सोडवेना. हातातली त्याने तोंडाकडे नेली. पूर्वी सगळेच असं करत. डोकं चावून मारायचं, दातांत धरायचं, हात मोकळे.

"टोपलीत टाक रे. तुला दात कुठे राहिलेत?"

"नवी कवळी आहे, बाय. सुपारी फोडून दाखवू?"

लेपीचं डोकं त्याने दातांत धरलं आणि वाकला. कवळी सरकली. लेपी मेली नव्हती, ती आत शिरली.

मी पाठीत बुक्के घातले. शेपटी धरून ओढली, तर ती बुळबुळीत, हातातून सुटली. लेपी आणखी आत गेली. तिची खवलं बारीक, शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवत. आत जाताना सहज गेली, येताना अडकत होती. जन्मभर लेप्या साफ केल्या, तरी मी वेड्यासारखी सरळ ओढत होते.

त्याचा चेहरा काळानिळा झाला. गुडघे वाकले. मी त्याला चिखलात उताणा पाडला, छातीवर गुडघा दिला. कवळी उपटून फेकली. दोन बोटं आत घातली, लेपीचे फुललेले कल्ले चिमटीत दाबून मिटवले आणि पिळत पिळत ओढलं. रक्त आलं. मागोमाग लेपी आली, हाताच्या पंजाएवढी.

तो हलेना. मी गालावर मारलं, पुन्हा मारलं.

मग त्याच्या घशातून घरघर आली. छाती वर आली, खाली गेली.

भाऊ वाचला.