सैल इलेक्ट्रॉन
नातीने ओल्या फडक्याने फळा पुसला आणि त्या ओलसर खडूच्या वासाने मला कॉलेजातला एक तास आठवला. बिद्री गावची माझी संशोधक विद्यार्थिनी म्हणत होती, "सर, चुंबकीय क्षेत्र वाढवलं की अणूतला सैल इलेक्ट्रॉन सुटत न्हाय, उलट घट्ट धरला जातोय की!" मी म्हणालो, "अगं, ही काय उसाची मोळी हाय आवळायला?" सगळे हसले. तिचं गणित खोडायला वळलो, तर चिन्हाची चूक माझ्याच समीकरणात होती. मी घाईने फळा पुसला. स्वतःचंच चुकलं समजून तिने संशोधन सोडलं, आणि तेच उत्तर मी पुढे माझ्या नावाने छापलं. आज माझा तो छापील लेख हातात घेऊन नात विचारते, "आबा, हे तुम्ही शोधलं व्हय?" नाही बाळ, तिने.