मामांनी वाचलेल्या वॉर्निंगा

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी बेळगावातल्या एका लहानशा कंपनीत वेबसाइटी बनवायचं काम करत होते. आम्ही त्या फ्रेमवर्कवर, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या सांगाड्यावर उभ्या करायचो. त्या वर्षी सांगाड्याची नवी आवृत्ती आली. ती बसवली, आणि सगळं पूर्वीसारखं चालत असूनही पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. प्रोग्राममधली अमुक आज्ञा जुनी झाली, अजून चालते, पण पुढच्या आवृत्तीत काढून टाकू. प्रत्येक ओळीची सुरुवात 'वॉर्निंग' अशी, पुढं 'डेप्रिकेटेड', म्हणजे जुनी झालेली. साहेबांनी ती सगळी यादी छापून माझ्या हातात दिली. "गावी निघालीच आहेस, तर पेन्सिलीनं नव्या आज्ञा लिहून आण," म्हणाले.

मी सुगीसाठी रजा काढून गावी, गुंदला आले. कागदाची ती लांबलचक घडी ओसरीवर पसरून दोन दिवस खुणा करत बसले. तिसऱ्या दिवशी मी मळणीला गेलेली असताना मामा घरी आले आणि त्यांनी ओसरीवरचा तो कागद पाहिला. ते जंगल खात्यात गार्ड होते, नुकतेच रिटायर झालेले. टोपी घरी विसरली म्हणून नोकरीत त्यांना एकदा लेखी वॉर्निंग मिळाली होती. तेवढा इंग्रजी शब्द त्यांना लांबूनही ओळखू यायचा. पुढचा 'डेप्रिकेटेड' मात्र कळेना, म्हणून त्यांनी शाळेतल्या गुरुजींना डिक्शनरी उघडायला लावली. अर्थ निघाला : नापसंत, निषेध केलेले.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जेवताना आईनं विचारलं, "कामावर तुजं बरं चाललंय न्हवं?"

"व्हय की."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणत तिनं भातावर तूप जरा जास्तच वाढलं.

सोमवारी मी कामावर हजर झाले. अकराच्या सुमाराला साहेबांच्या खोलीतून ओळखीचा आवाज आला. दार अर्धं उघडं होतं. आत मामा खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते. टेबलावर त्यांनी एक भलंमोठं कोनं ठेवलं होतं. आमच्याकडचा हा कंद, दोन हातांनी उचलावा लागतो.

"साहेब, मला उभ्या नोकरीत एक वॉर्निंग मिळाली," मामा म्हणत होते. "हिला तुम्ही एकदम दोनशे दिल्यात. एवढं काय केलं पोरीनं?"

"मामा, त्या तिला नाहीत. प्रोग्रामला आहेत."

"प्रोग्राम कुणी लिवला?"

"तिनंच."

"मग तिलाच की."

साहेबांनी पुन्हा सुरुवात केली. सगळं नीट चाललंय, पुढं कधीतरी बंद पडेल, म्हणून आधीच सांगून ठेवलंय.

"कवा बंद पडंल?"

"पुढच्या आवृत्तीत."

"ती कवा येनार?"

"ते माहीत नाही."

"आमच्यात असं नव्हतं," मामा शांतपणे म्हणाले. "वॉर्निंग दिली की तारीख घालत."

बाहेर मी संगणकाच्या आड तोंड लपवून बसले होते. शेवटी साहेबांनीच मला आत बोलावलं आणि माझ्यासमोर कंपनीच्या कागदावर लिहून दिलं, की हिच्या कामाबद्दल आमची काहीही तक्रार नाही. मामांनी शिक्का मारून घेतला, शाई वाळेपर्यंत थांबले आणि कागद गुरुजींना दाखवायला घेऊन गेले. कोनं काही परत नेलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी एकेक जुनी आज्ञा बदलत गेले. शेवटी सात वॉर्निंगा उरल्या. त्या सगळ्या एकाच फाइलमध्ये होत्या. मी यादी घेऊन साहेबांच्या दारात उभी राहिले.

"या कुणाच्या?"

"तुमच्या, साहेब. ती फाइल तुम्हीच लिहिली होती."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "ठेव इथं," म्हणाले आणि मी बाहेर पडताच दार लावून घेतलं. जेवायच्या सुट्टीलासुद्धा ते बाहेर आले नाहीत.