पहिलं दळण

आमच्या गल्लीतल्या चक्कीवाल्याला नाही म्हणणं ठाऊक नव्हतं. कुणाला जाडं हवं, कुणाला बारीक, कुणाला शाळा सुटायच्या आत, सगळ्यांना एकच उत्तर: "झालंच समज." लोकांना वाटायचं, काय भला माणूस आहे! मला तो कधीच आवडला नाही. तोंडावर हो म्हणून मागून आपल्याच सोयीचं करणारा माणूस मला तोंडावर शिव्या देणाऱ्यापेक्षा वाईट वाटतो.

शिवणकामाच्या कारखान्यात जाणारी एक बाई त्याच्याकडे तांदळाचा डबा घेऊन आली, ती दवाखान्यातून थेट. तिच्या सहा वर्षांच्या मुलीचं पोट फुगलेलं आणि हातपाय नुसत्या काड्या. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून निदान केलं होतं, सीलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लूटेन पोरीच्या आतड्याला सोसत नाही, चिमूटभर गेलं तरी आतून नासधूस होते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. "शंभरात एखादं मूल असं निघतंच," त्या म्हणाल्या होत्या, "पण लोक जंत झालेत म्हणून औषधं पाजत बसतात."

बाईने हात जोडले. "काका, सकाळी दगड उघडून नीट झाडा. सगळ्यात आधी माझं दळण टाका, आणि निघालेलं पहिलं ओंजळभर पीठ फेकून द्या. गव्हाचा कणसुद्धा यायला नको."

"झालंच समज, पोरी."

तिची पाठ वळली तसा तो बाकावरच्या गिऱ्हाइकांकडे वळला. "शंभरात एक म्हणे! अख्खी गल्ली माझं पीठ खाते, अजून एकही मेला नाही." सगळे खो खो हसले. बाकावरच एक पोरगा पोट धरून बसला होता. त्याच्या आईला हसता हसता आठवलं, याला जंताची गोळी द्यायची राहिलीय.

सुरुवातीला एकदोनदा त्याने दगड खरंच उघडले. पण त्यात घाम निघायचा, आणि सकाळी खानावळीच्या गव्हाची पोती दारात येऊन पडलेली असायची. मग दगड उघडणं गेलं, नुसता फडका राहिला. मग फडकाही गेला. खानावळीचा गहू संपला की त्यावरच हिचा तांदूळ. हे त्याच्या बायकोने तो गेल्यावर सांगितलं, नाहीतर कुणाला कळतंय? पीठ दिसायला पांढरंशुभ्र. संध्याकाळी कामावरून येताना बाई विचारायची, "पहिलंच ना, काका?" "तुझ्याआधी कोण?"

मुलगी काही सुधारेना. रक्ताचा रिपोर्टही जिथल्या तिथे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठूनतरी गहू जातोय. हिला भरवतं कोण?" नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने घरात गव्हाचा दाणा ठेवला नव्हता, स्वतःही खाणं सोडलं होतं. पण नणंदेने निकाल देऊन टाकला: "पोरगी रडली की हिला पाझर फुटतो. देत असेल लपूनछपून बिस्किट." मुलीला माझ्याकडेच ठेवा, असंही वर सांगितलं.

शेवटी बाई नवऱ्याला घेऊन चक्कीवर आली. बाक भरलेला होता. "काका, एखाद्या दिवशी चुकून गव्हावर पडलं असेल तरी सांगा. मी काही बोलणार नाही. नुसतं सांगा. नाहीतर हे पोरीला नेतील."

एक शब्द पुरला असता. त्याने बाकावर नजर फिरवली. "स्वतःचं झाकायला माझ्या धंद्यावर चिखल उडवतेस? देवाशपथ, पहिलं तुझंच दळलं."

मुलगी आत्याकडे गेली. आत्याला स्वयंपाकाचा मनस्वी कंटाळा. उकडलेला भात, अंडी, केळी, संपलं. त्यातलं काही चक्कीवर जायचा प्रश्नच नव्हता. काही महिन्यांत पोरीचं पोट उतरलं, गाल वर आले. "आईपासून तोडली म्हणून पोर वाचली," आत्या दारोदार सांगत सुटली, आणि गल्लीने मान डोलावली. आईने पोरीला भेटायचं ते रस्त्यावर, भरवायचं काही नाही. कामावरून आली की ती कोपरापर्यंत हात घासायची. कातडी निघायची, तरी घासायची.

एकदा चक्कीसमोरच आत्याबरोबर मुलगी दिसली. आईने पिशवीतून संत्रं काढलं. मुलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"सोललेलं नाहीये, बाळा. सालीसकट घे."

"नको. तुझ्या हातचं खाल्लं की मी मरेन."

आई म्हणाली, "बरोबर आहे. नको घेऊस." संत्रं पिशवीत टाकून ती स्वतःच दोन पावलं मागे सरकली. आत्या पोरीला घेऊन पुढे गेली. चक्कीवाला दारात उभा होता. बाई त्याच्याकडे वळली. "काका, तेव्हा तुमच्यावर उगाच संशय घेतला. माफ करा. माझंच कुठेतरी चुकत असणार."

"जाऊ दे, पोरी," तो म्हणाला. "मी नाही मनावर घेतलं."